रात्री साडेनऊनंतरची माणसं

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत माझ्या हातून एक पत्रिका चुकली. सहाशे प्रती छापून, पाकिटात भरून पोचत्या केल्या आणि संध्याकाळी मुलीचे मामा दुकानात हजर. निमंत्रकांच्या यादीत त्यांचं नाव बरोबर होतं, गाव मात्र दुसऱ्याच पत्रिकेतलं चिकटलं होतं. भिलवडीचे मामा बोरगावचे झाले होते. प्रूफ मीच वाचलं होतं, आदल्या रात्री पावणेबाराला, आणि तेही एका डोळ्यानं. दुसरा डोळा मोबाइलवर होता, कारण दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर शंभर फुटी रस्त्यावरून एका इसमाशी माझी जुंपली होती. त्या इसमाला मी एकवीस वर्षांत प्रत्यक्ष भेटलेलो नाही. मामा काही फार बोलले नाहीत. खुर्चीवर बसून नुसतं म्हणाले, "भिलवडीत काय तोंड दाखवू सांगा." कागद आणि छपाई माझ्या अंगावर पडली.

सांगलीत खणभागात माझं डीटीपी आणि छपाईचं जॉबवर्क आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, हळदीच्या पुड्यांची लेबलं असं काम. मनातून करायचं असतं ते अक्षरांचं: देवनागरी अक्षरं स्वतः काढायची, कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये तयार फॉन्ट ताणून नव्हे. ते 'वेळ मिळत नाही' या सदरात पडून होतं. त्या पत्रिकेनंतर वेळ कुठं जातो ते मी मोजलं, आणि पुढं वर्षभरात माझ्या आजूबाजूची माणसं हळूहळू बदलली. नेटवर भांडणाऱ्यांच्या जागी स्वतःच्या कामात बुडालेली माणसं आली. ती कशी आली ते क्रमानं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो दोनदा उलटा केला आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो.

आधी सात दिवस नुसती खतावणी

ताबडतोब अ‍ॅप उडवायचं नाही. मी उडवलं होतं. चौथ्या रात्री परत घेतलं, आणि चार दिवसांचा उपास सोडल्यासारखं दीडपर्यंत जागलो.

शंभर पानी वही घ्या, तिला तीन रेघा मारा. किती वाजता फोन उचलला, कुणाचं काय वाचलं किंवा बघितलं, आणि फोन खाली ठेवल्यावर कसं वाटलं. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: चिडचिड, हसू, काही नाही, भूक, काहीही. सुधारायचं नाही, लाजायचं नाही. व्यापाऱ्याच्या खतावणीत जसं उधारी लिहिताना कुणी रडत बसत नाही, तसंच.

आठव्या दिवशी मी ती वही वाचली तेव्हा चकित झालो. 'सोशल मीडिया वाईट' असा माझा मोघम समज होता. वहीत निघालं ते असं: चिडचिड हा शब्द जिथं जिथं आला होता, तिथं फक्त दोन ग्रुप आणि मोजून चार माणसं होती. आणि वेळ ठरलेली होती, रात्री साडेनऊ ते अकरा. दुकान बंद करून, जेवून, मी त्या चौघांना भेटायला जात होतो. रोज! सख्ख्या भावाला मी महिन्यातून एकदा भेटतो.

तुमची वही वेगळं सांगेल. कुणाचं सकाळी अंथरुणातच सुरू होतं, कुणाचं दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना. ती वेळ शोधणं एवढंच या आठवड्याचं काम आहे. पुढचं सगळं त्या वेळेभोवती उभं करायचंय.

तक्रार कुठली आणि विष कुठलं

'नकारात्मक लोकांपासून दूर राहा' हे वाक्य मला आवडत नाही. ते सोयीचं आहे. रस्त्यावर खड्डा आहे असं जो म्हणतो तो नकारात्मक नाही, त्याची गाडी त्यात आदळलेली असते. महापालिकेत अर्ज देऊन त्याचा आवक क्रमांक ग्रुपवर टाकणारे एक निवृत्त मास्तर आमच्या बॅचच्या ग्रुपवर आहेत (एका मित्राचे वडील, कुणी घेतलं त्यांना माहीत नाही). रोज तक्रार करतात. त्यांना मी म्यूट केलेलं नाही.

माझी कसोटी साधी आहे. वाचून झाल्यावर उद्या सकाळी मी त्याबद्दल काही करू शकतो का? करू शकत असेन तर ती तक्रार. नुसतं रक्त तापत असेल आणि हातात काहीच येत नसेल, तर त्याला साडेनऊची वेळ द्यायची नाही.

आणि पुराचा अपवाद. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकराला 'बातम्या बघू नका' असं सांगणारा माणूस बाहेरगावचा असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलेलं आम्ही पाहिलंय. त्या दिवसांत मी पाणीपातळीचा एकच ग्रुप उघडा ठेवतो, प्रशासनाचे आकडे देणारा. 'कोयनेतून इतकं सोडलं, पळा पळा' असं म्हणणारे बाकीचे सगळे बंद.

फोनचं काम एका बैठकीत उरका

यात रमायचं नाही, तासाभराचं काम आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्रासाचा ग्रुप दाबून धरा, 'म्यूट' करा आणि मुदत विचारली की 'ऑलवेज' निवडा. मग तो 'अर्काइव्ह' करा. सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये जाऊन 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू आहे का ते बघा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येऊन बसतो. त्यानंतर सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स असं जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे अनोळखी कुणीही उचलून तुम्हाला ग्रुपात टाकू शकत नाही. वॉर्डातल्या इच्छुक उमेदवारांपासून एवढ्यानं बराच बचाव होतो.

बाहेर पडायचंच असेल तर आता सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, सगळ्या ग्रुपला नाही. तरी नात्यातल्या ग्रुपमधून बाहेर पडू नका. आत्यानं काढलेल्या ग्रुपमधून माझा चुलतभाऊ बाहेर पडला, त्याचा हिशेब पुढच्या वास्तुशांतीत चुकता झाला. म्यूट करा आणि वाढदिवसाला तेवढं लिहा.

फेसबुकवर मैत्री न तोडता 'अनफॉलो' करता येतं, समोरच्याला पत्ता लागत नाही. यूट्यूबवर भांडणाचे व्हिडिओ सुचवले गेले की शेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'डोन्ट रेकमेंड चॅनल'. मी त्यापुढं जाऊन वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाकली. त्यानं यूट्यूबचं पहिलं पान कोरं होतं. काय बघायचंय ते आधी शोधावं लागतं, आणि शोधायचा कंटाळा माझ्यासारख्याला वाचवतो.

शेवटचं म्हणजे चार्जर. तो स्वयंपाकघरात गेला. बायको म्हणाली, "आता माझ्या डोक्यावर ठेवा." पण ठेवू दिला.

रिकामा दीड तास

इथंच मी दुसऱ्यांदा आपटलो. फोन बाजूला ठेवला, साडेनऊ वाजले, आणि मला काय करावं ते कळेना. टीव्ही लावला, तिथं तीच भांडणं सुटाबुटात. दोन दिवसांनी परत फोन.

तेव्हा लक्षात आलं की मला भांडणाची ओढ नव्हती. माणसांची होती. दिवसभर दुकानात एकटा, स्क्रीनसमोर. रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटणारच. त्या चौघांनी निदान मला उत्तर तरी दिलं होतं. म्हणून बंद करण्याआधी भरायला काहीतरी हाताशी पाहिजे. तुम्ही हे वाचून उद्या सुरुवात करणार असाल, तर फोनचं काम आणि माणसं शोधण्याचं काम एकाच आठवड्यात करा. मध्ये महिना जाऊ दिलात तर फोन जिंकतो.

कोणाला शोधायचं

महत्त्वाकांक्षी माणसं म्हटलं की एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावून बसलेली पंचवीस माणसं डोळ्यांसमोर येतात. मीही गेलो होतो. ओळखीच्या एकानं 'पॉझिटिव्ह लोकांची मीटिंग आहे, येऊन तर बघा' म्हणून नेलं. दोन तास टाळ्या वाजवल्या, शेवटी माझ्याखाली सहा जण जोडायची योजना निघाली. चहा चांगला होता. तुम्हाला कुणी आपलं काम न दाखवता आपली स्वप्नंच दाखवायला लागलं आणि पहिल्या भेटीत पैशाचा आकडा काढला, तर चप्पल कुठं काढली होती ते आठवून निघा.

माझी ओळख पटवायची खूण वेगळी आहे. ज्याच्या टेबलावर अर्धवट काम पडलंय आणि ज्याला ते पूर्ण करायची घाई आहे, तो माणूस. तो गोड बोलणारा असेलच असं नाही. पुष्कळदा तो कावलेलाच असतो, पण आपल्या कामावर.

आपल्याच जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडीचं उदाहरण बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते; रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. लोखंडी नांगर केला तर पहिला विकायला दोन वर्षं लागली, लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळ दिला तेव्हा तिथं त्यांनी कोण माणसं जमवली? शाळेत न रमलेला एक जण तिथं कल्पक इंजिनिअर झाला. दरोडेखोर म्हणून बदनाम असलेले दोघे पहारेकरी झाले. आणि कारखान्याची खबर देणारं पत्रक १९२० मध्ये निघालं, त्याचं पुढं मासिक झालं. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकंही त्याच माळावरून निघाली. पदवीचे कागद बघून ही माणसं निवडलेली नव्हती. माझ्यासारख्या छापखान्यावाल्याला हे फार बरं वाटतं, लपवत नाही.

आता जागा. सांगली-मिरजेत असाल तर संध्याकाळी नाटकाची तालीम कुठं चालू आहे ते विचारा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक इथंच केलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो. पण त्या पुण्याईपेक्षा कामाची गोष्ट ही की राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी हौशी संस्थांना माणसं कायम कमी पडतात. नटांची रांग असते. प्रकाशयोजनेला हात देणारा, नेपथ्याला रंग लावणारा, प्रॉम्प्टिंगला बसणारा कुणी नसतो. 'मी ब्रश धरतो' म्हणून गेलात तर दार उघडंच आहे. आणि रात्री साडेनऊला तालीम ऐन रंगात असते, हेही बघा.

तासगाव, पलूस, वाळवा भागात असाल तर द्राक्षबागायतदारांकडे जा. एप्रिलची खरड छाटणी (नवी काडी तयार व्हावी म्हणून) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), या दोन्हींच्या आगेमागे ही मंडळी एकमेकांच्या प्लॉटमध्ये उभी राहून काडी न् काडी बघतात. माझ्या मेव्हण्याचा प्लॉट आहे. तिथं मी पहिल्यांदा ऐकलं की एक माणूस दुसऱ्याला तोंडावर सांगतोय, "तुझं पाणी चुकलंय," आणि दुसरा रागवायच्या ऐवजी वही काढतोय. माझ्या ग्रुपवर असं वाक्य आलं असतं तर तीन दिवस युद्ध.

कुपवाडच्या एमआयडीसीत ओतकामाचे नमुने म्हणजे पॅटर्न करणारे आहेत, गावभागात मूर्तिकार आहेत, वाचनालयात रोज त्याच टेबलावर बसणारी स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत. तुमचा धंदा आणि त्यांचा धंदा एक असण्याची गरज नाही. उलट वेगळा असलेला बरा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. माझ्या धंद्यातले सगळे मला कागदाचे भाव सांगतात. ते मला माहीत असतात.

कसं जायचं

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी लेबलाच्या निमित्तानं गेलो. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर एका चाचांना वाद्याच्या पेटीवर लावायला चांगलं लेबल हवं होतं. दुकान म्हणजे बारा बाय दहाची खोली, वर टांगलेले पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे, खाली तुनाच्या लाकडाचा भुसा. चाचा एका तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद जुळवत होते. घोडीवर कानस दोनदाच फिरवायची, तारा परत चढवायच्या, छेडायचं, मान कलती करून ऐकायचं. मग तारा उतरवून पुन्हा दोनदा कानस. मी मोबाइल काढला तसे ते म्हणाले, "फोटो नंतर. आधी ऐका, आता वाजला तो बरा की मघाचा?" मला काही फरक कळला नव्हता. तसं सांगितलं. "मग बसा," म्हणाले.

पाऊण तास बसलो. दहाव्या की अकराव्या वेळेला मला कळलं: आवाज एका जागी संपत नव्हता, मागं गुणगुण उरत होती. चाचा हसले नाहीत, फक्त घोडीवरचा तारेखालचा दोरा नखानं केसभर सरकवला आणि कानस पिशवीत टाकली.

त्या दिवशी घरी येताना मिरज-सांगली रस्त्यावर मला एकदाही फोन आठवला नाही. ही एक भेट. पण ती घडली ती लेबलामुळं. 'चाचा, तुमच्याकडून प्रेरणा घ्यायला आलोय' असं म्हणून गेलो असतो तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

म्हणून जाताना हातात काम घेऊन जा. तुमच्याकडं देण्यासारखं काय आहे याची यादी करा: टायपिंग, गाडी, मोकळी खोली, हिशेब, इंग्रजी पत्र लिहिणं, नुसते दोन हात. मी पाठवतो तो मेसेज असा असतो: 'नमस्कार. मी खणभागात छपाईचं काम करतो. तुमच्या नाटकाची जाहिरात बघितली. त्यातलं शीर्षक मी हातानं काढून देऊ शकतो, आवडलं तर वापरा, पैसे नकोत. बुधवारी संध्याकाळी सातला तालमीच्या जागी नमुना घेऊन येऊ का?' काय करणार, कधी येणार, कुठं, हे सगळं त्यात आहे. 'कधीतरी भेटू या' या वाक्यावर आजवर कुणी कुणाला भेटलेलं नाही.

फुकट काम किती करायचं? एकदाच. दुसऱ्यांदा निदान कागदाचा खर्च मागा. तो मागितल्यावर जे गायब होतात, ते तसेही टिकले नसते.

तीनदा जा. पहिल्यांदा तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्यांदा 'तो छपाईवाला', तिसऱ्यांदा कुणीतरी 'अरे, ही फळी धर जरा' म्हणतं. त्यानंतर बोलावणं लागत नाही.

आपली बैठक

सहा महिन्यांनी मी दुकानातच गुरुवारची बैठक सुरू केली. सध्या पाच जण आहोत: कुपवाडला पॅटर्न करणाऱ्या एक ताई, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर, हळद पॅकिंगचा नवा धंदा काढलेला एक पोरगा, प्रकाशयोजना करणारा एक इलेक्ट्रिशियन, आणि मी. चाचा दोनदा आले, पण त्यांना मिरजेहून रात्री परत जायला त्रास होतो, म्हणून आम्हीच महिन्यातून एकदा जातो.

नियम कमी आहेत, पण पक्के आहेत. प्रत्येकानं अर्धवट काम आणायचं. तोंडी कल्पना चालत नाही, टेबलावर ठेवता येईल अशी वस्तू पाहिजे, मग ती पेन्सिलनं काढलेली चिंधी का असेना. फोन काउंटरच्या खणात. ज्याचं काम असेल त्यानं आधी सांगायचं की मला नेमकं काय अडलंय. बाकीच्यांनी तेवढ्यावरच बोलायचं. भडंग आणि चहा, वर्गणी प्रत्येकी वीस रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्यावर फक्त वेळ आणि जागा लिहायची. सुप्रभात टाकलं की पुढच्या गुरुवारचा चहा त्याच्याकडं.

वेळ ठरवताना बायका येऊ शकतील का ते आधी विचारा. आम्ही साडेनऊलाच धरून बसलो होतो. ताईंनी स्पष्ट सांगितलं, "मला कुपवाडला परत जायचं असतं, तुम्हाला काय, जिना उतरलं की घर." तेव्हा सात ते साडेआठ केली. साडेनऊची माझी जुनी वेळ आता बैठकीत निघालेल्या दुरुस्त्या करण्यात जाते, आणि ते जास्त बरं झालं.

एक गोष्ट मला उशिरा समजली. मागणारा कुणी पाहिजे. सांगलीत कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करून गेली तेव्हा सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत कर. भाव्यांच्या अंगात कला होतीच, लाकडी बाहुल्या करत होते. पण 'कर' म्हणणारा समोर उभा राहिल्यावर नाटक झालं. आमच्यात ते काम सर करतात. "पुढच्या गुरुवारी बघू" म्हणून वहीत तारीख लिहितात. आणि चिंतामणराव १८५१ मध्ये गेल्यावर आश्रय संपला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव तिकीट लावून खेळ केले, १८५३ मध्ये मुंबईपर्यंत पोचले. तेव्हा एकाच माणसाच्या मागणीवर बैठक उभी करू नका. सर आजारी होते तेव्हा आमचे तीन गुरुवार नुसत्या गप्पांत गेले.

चौथ्या महिन्यात दुसरी भानगड झाली. बैठकीतच कुरकुर सुरू झाली: गिऱ्हाईक पैसे देत नाही, कामाला माणसं मिळत नाहीत, पोरं मोबाइलवर. ग्रुपवर जे सोडून आलो होतो तेच भडंगाबरोबर परत आलं. आता पहिली दहा मिनिटं रडगाण्याला राखून ठेवली आहेत, घड्याळ लावून. आश्चर्य म्हणजे दहा मिनिटं पुरत नाहीत असं कधी झालं नाही. तीन-चार मिनिटांतच संपतं.

नुसता बोलणारा सहावा माणूसही आला होता. सहा आठवडे येऊन त्यानं एकदाही टेबलावर काही ठेवलं नाही, दुसऱ्यांच्या कामावर मात्र उत्तम बोलायचा. त्याला काढलं नाही. सरांनी विचारलं, "तुम्ही कधी आणताय?" पुढच्या वेळी तो आला नाही.

जुने मित्र

हे करताना जुन्या मित्रांना तोडू नका. माझा एक मित्र आहे, कट्ट्यावर बसून सगळ्या जगाला शिव्या घालतो. फोनवर तो असह्य आहे, समोर बसला की निम्माच कडू असतो. म्हणून त्याचे स्टेटस मी बंद केले आणि रविवारी सकाळी त्याच्याबरोबर हरिपूरच्या संगमापर्यंत चालत जातो. चालताना तो कमी बोलतो. कृष्णेला वारणा मिळते त्या घाटावर तर बोलतच नाही.

आणि एखाद्याचं बोलणं अचानक काळवंडलं असेल, झोप नाही, कशातच रस नाही, 'संपवावंसं वाटतं' असं काही तोंडून निघालं, तर त्याला 'निगेटिव्ह' म्हणून म्यूट करायचं नसतं. त्याच्याकडं जायचं असतं. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो फोनमध्ये असू द्या.

नेटवर मी परत गेलोय, तसा. आठवड्यातून एकदा काढलेलं अक्षर टाकतो आणि एक प्रश्न विचारतो. 'कसं वाटलं?' विचारलं की अंगठे येतात. 'या ह ची शेपटी लांब झालीय का?' विचारलं की उत्तरं येतात, आणि ती देणारे लोक पुष्कळदा असेच कुठल्यातरी गावात दुकान बंद करून बसलेले असतात. अक्षरात मुरलेल्या दोघांशी अशीच ओळख झाली. एक जण तर साताऱ्याचा निघाला, येतो म्हणालाय.

हळदवाल्या पोराच्या पुडीवर 'हळद' हा शब्द मी हातानं काढतोय. ह झाला, द झाला. ळ अडलाय. गेल्या गुरुवारी सरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद उलटा धरला. अक्षर उलटं धरलं की तोल कळतो म्हणतात. पाहिलं आणि म्हणाले, "डावी वाटी जड आहे." ताई म्हणाल्या, "जड नाही, उजवी उथळ आहे. पॅटर्नला अशीच चूक होते." दोघं वीस मिनिटं भांडले. मी दोन्ही करून बघितलं. आता रात्रीचे दहा वाजलेत, समोर अकरा ळ आहेत आणि सातवा बरा वाटतोय, पण सकाळच्या उजेडात बघायला पाहिजे.